स्प्रिंकलरचं दारं कोण धरणार?

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणं, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावं, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आज मात्र मी बांध ओलांडून शेजारच्या वावरात शिरतो आहे. विषय आगीचा आहे. फडातल्या आगीचा नव्हे, तर स्प्रिंकलर बसवलेल्या इमारतीत आग लागली तर ती विझवताना काय करावं आणि काय करू नये, याचा.

याला कारण घडलं ते गेल्या वार्षिक सभेत. नव्या साखर गोदामाला स्प्रिंकलर बसवण्याचा विषय निघाला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, साखरेच्या पोत्यांवर पाण्याचे नळ? उद्या एखादा फुटला तर सगळ्याचा पाक होईल. तो पाक काय सभासदांना वाटणार?" मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या आणि विषय "पुढे पाहू" म्हणून बाजूला पडला. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला कोणी नीट उत्तर दिलं नाही, ही आम्हा अधिकाऱ्यांची चूक. यंदा विषय पुन्हा येणार आहे. मी काही फायर ब्रिगेडचा माणूस नाही, माझी पदविका शेतीची. पण कारखान्याच्या अग्निशमन पथकात माझं नाव आहे, म्हणून थोडं वाचलं, थोडं पाहिलं. ते आपल्यापुढे ठेवतो.

तुषार सिंचन वेगळं, हा स्प्रिंकलर वेगळा

स्प्रिंकलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हरभऱ्यावर फिरणारं तुषार सिंचन येतं. व्हॉल्व्ह उघडला की सगळी नोझल एकदम सुरू. इमारतीतला स्प्रिंकलर तसा नाही. छताखालून जाणाऱ्या पाइपात पाणी दाबाखाली कायम भरलेलं असतं. ठराविक अंतरावर बसवलेल्या प्रत्येक डोक्याचं तोंड काचेच्या एका छोट्या कुपीने बंद असतं. कुपीत द्रव असतो. उष्णता वाढली की तो फुगतो, कुपी फुटते आणि फक्त त्याच डोक्यातून पाणी पडतं. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. आपल्याकडे पत्र्याखाली उन्हाळ्यात किती तापतं हे पाहून कुपी निवडायची असते. सिनेमात धूर झाला की सगळ्या छतातून पाऊस पडताना दाखवतात, तसं होत नाही. धुराने स्प्रिंकलर उघडत नाही, उष्णतेने उघडतो आणि आगीच्या वर असतो तेवढाच उघडतो.

ही काही कालची कल्पना नाही. अमेरिकेत हेन्री पार्मली नावाच्या पियानो कारखानदाराने १८७४ साली आपला स्वतःचा कारखाना वाचवण्यासाठी असा स्प्रिंकलर बसवला. म्हणजे ही वस्तू कारखान्यातच जन्मली.

आता पाकाचा प्रश्न. नेहमीच्या एका डोक्यातून एक बार दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडतं. बंबाच्या एका मोठ्या होजमधून याच्या कितीतरी पट पाणी पडतं, आणि होज लावेपर्यंत आग वाढलेली असल्यामुळे एकाऐवजी तीन-चार होज लावावे लागतात. म्हणजे पाण्याची भीती असेल, तर जास्त भीती उशिरा येणाऱ्या पाण्याची बाळगली पाहिजे. दुसरं असं की, भिजलेली साखर विरघळवून पुन्हा पॅनमध्ये शिजवता येते. घट येते, खर्च येतो, पण माल हाती राहतो. जळून काळी झालेली साखर मात्र कोणत्याही पॅनमध्ये पांढरी होत नाही.

आणि गोदामातली साखर म्हणजे कोणाची? ती बँकेकडे तारण असते. तिच्यावर उचल मिळते, त्या उचलीतून आपली बिलं निघतात. थप्पीला आग लागली की विम्याची कागदपत्रं फिरेपर्यंत एफआरपीचा हप्ता कुठून द्यायचा, हा प्रश्न संचालक मंडळाला पडेल, आणि त्याची झळ सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या सभासदाला बसेल. म्हणून स्प्रिंकलर बसवावा, याच मताचा मी आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. स्प्रिंकलर बसवणं हे निम्मं काम आहे. आगीच्या वेळी तो चालू ठेवणं आणि त्याला पाणी पोचवणं, हे उरलेलं निम्मं. ते माणसांचं काम आहे, आणि घात होतो तो तिथेच.

दहा डोक्यांनी थांबवलेली आग

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री तिच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. कारण अगदी क्षुल्लक. लाकडाला जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या कामगारांनी तशाच टाकल्या होत्या, त्या आपोआप पेटल्या. त्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते. इमारतीची वीज गेली. होज जोडायच्या नळांवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले होते, त्यामुळे वरच्या मजल्यांवर धारेला जोरच येईना. अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. सुमारे अकरा तास झुंज दिल्यावर इमारत कोसळेल या भीतीने सगळ्या जवानांना बाहेर काढावं लागलं. आग मजल्यामागून मजला वर चढत राहिली.

ती थांबली तिसाव्या मजल्यावर. त्या मजल्यावर स्प्रिंकलर बसवलेले होते. त्यातली फक्त १० डोकी उघडली आणि आठ मजले जाळून आलेली आग तिथे अडली. पण यातली खरी गोष्ट पुढे आहे. इमारतीची वीज गेलेली असताना त्या स्प्रिंकलरना पाणी खालून बंबांनी दाबाने पुरवलं होतं. डोकी वर होती, पण त्यांच्यामागे पाणी लावणारी माणसं खाली उभी होती. दोन्ही होतं, म्हणून आग थांबली.

बंब आल्यावर काय करायचं

स्प्रिंकलर असलेल्या इमारतीत आग कशी विझवावी, यावर अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेची १३ई क्रमांकाची स्वतंत्र पुस्तिकाच आहे. तिच्यातलं आणि इतरांकडून ऐकलेलं आपल्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट. येणाऱ्या पहिल्या बंबांपैकी एकाने आपला होज इमारतीबाहेर ठेवलेल्या इनलेटला जोडायचा आणि स्प्रिंकलरच्या पाइपात साधारण १० बार दाबाने पाणी चढवायचं. आपल्या मनात येतं की बंब आला की आधी दार फोडून आत धार मारावी. पण वरची डोकी नेमक्या आगीवर उघडलेली आहेत. धुरात चाचपडणाऱ्या माणसापेक्षा त्यांना आगीचा पत्ता आधीच सापडलेला आहे. त्यांना पाणी कमी पडू न देणं हे पहिलं काम.

दुसरी गोष्ट. ज्या पाइपवर स्प्रिंकलर आहेत, त्याच पाइपवरच्या हायड्रंटमधून चार-चार होज लावून पाणी ओढायचं नाही. आपल्याला हे सांगायला नको. हेडच्या लोकांनी चारी फोडली की टेलच्या शेतकऱ्याला पाणी येत नाही, यावरून आपण पाटबंधारे ऑफिसवर मोर्चे नेले आहेत. इथे टेल म्हणजे छताखालची डोकी. होजला पाणी हवं तर ते दुसरीकडून घ्यावं. आपल्याकडे स्प्रे पाँड भरलेला असतो, तिथे बंबाला सक्शन टाकायची सोय केली तर पाण्याला तोटा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आग पूर्ण विझल्याची खात्री होईपर्यंत स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. बंद करण्याचा मोह फार होतो. पाण्याच्या फवाऱ्याने धूर थंड होतो आणि वर न जाता खालीच घोटाळतो. हातभर अंतरावरचं दिसत नाही. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की कोणीतरी म्हणतं, "झाली, विझली. आता साखर कशाला भिजवता?" आणि व्हॉल्व्ह फिरवला जातो. थप्पीच्या पोटात धुमसणारा विस्तव याचीच वाट पाहत असतो. फडातली आग विझवलेल्या माणसाला हे ठाऊक आहे. वरून विझलेल्या पाचटात विस्तव राहतो, माणसं घरी जातात आणि वारा सुटला की शेजाऱ्याचा फड पेटतो. दुसऱ्यांदा पेटलेली आग जास्त वाईट, कारण तोवर होज गुंडाळलेले असतात आणि अंगातलं बळ संपलेलं असतं.

म्हणून व्हॉल्व्हजवळ एक माणूस उभा करायचा, हातात वॉकीटॉकी देऊन. आगीवरच्या मुख्य अधिकाऱ्याने हुकूम दिल्याशिवाय त्याने चाकाला हात लावायचा नाही. बंद केल्यावरही त्याने जागा सोडायची नाही, कारण पुन्हा ज्वाळा दिसल्या तर त्याच क्षणी उघडावं लागतं. आपण रात्रीच्या पाळीला दारं धरायला माणूस पाठवतो, तो झोपला तर पाणी भलतीकडे जातं. हेही दारं धरणंच आहे.

चौथी गोष्ट विजेची. पाणी पडायला लागलं की गोदामातली वीज तोडावी लागते, हे बरोबर. पण घाईत कोणी कारखान्याचा मेन स्विच ओढला तर आगीचा पंपही बंद पडतो. पंपाची लाइन वेगळी हवी, त्या स्विचवर लाल पाटी हवी आणि जोडीला डिझेलवरचा पंप हवा.

पाचवी गोष्ट. थप्पीच्या पोटात वरून पाणी पोचत नाही. थप्पी उकलावीच लागते. ती उकलताना भरलेला होज हाताशी ठेवायचा. खालची पोती जळाली असली तर अख्खी थप्पी अंगावर येते. हे काम श्वसनयंत्र लावलेल्या शिकाऊन तयार केलेल्या माणसांचं आहे. आमच्या चिटबॉयने किंवा हमालाने धाडस म्हणून आत शिरण्याचं नव्हे. साखर पुन्हा पिकेल, माणूस नाही.

स्प्रिंकलर म्हणजे सगळं नव्हे

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगरच्या कारखान्यात स्फोट झाले. १४ कामगार गेले, ३६ जण भाजले किंवा जखमी झाले. स्फोट गॅसचा नव्हता, बॉयलरचा नव्हता. तो साखरेच्या धुळीचा होता. सायलोखालच्या पट्ट्याभोवती पत्र्याचं झाकण केलेलं होतं, त्यात बारीक धूळ कोंडली. बहुधा तापलेल्या बेअरिंगने ठिणगी दिली. पहिल्या धक्क्याने तुळयांवर आणि यंत्रांवर साचलेली धूळ उडाली आणि तिचे पुढचे स्फोट होत गेले. तिथे स्प्रिंकलर होते. पण स्फोटांनी पाण्याचे पाइपच तोडले, त्यामुळे त्यांचा उपयोग झाला नाही. सायलोंतली साखर सात दिवसांहून जास्त धुमसत राहिली.

ही घटना सांगितली की कोणी म्हणेल, "बघा, स्प्रिंकलर असून काय झालं?" मला त्यातून वेगळा अर्थ निघतो. स्प्रिंकलर आगीसाठी आहे, स्फोटासाठी नाही. स्फोटाला औषध एकच, धूळ साचू न देणं. आपल्या शुगर हाऊसमध्ये ग्रेडर, एलिव्हेटर, हॉपर आहेत. तिथल्या तुळयांवर बोट फिरवून पाहिलं तर पांढरं लागतं की नाही, हे कोणीही सभासद विचारू शकतो. ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, कारण उडालेली धूळच पेटते. ती सावकाश, नियमित, न उडवता काढायची. याला लाखांचा खर्च नाही, लक्ष मात्र लागतं.

पाहिलेली एक तालीम

मागे एका संस्थेच्या गोदामात आगीची तालीम पाहायला गेलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण उद्या आपलंही तसंच होऊ शकतं. पाइप, डोकी, लाल रंग, सगळं नवंकोरं. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं. तालुक्याच्या गावाहून बंब आला. त्याला इनलेटपाशी जाता येईना, कारण समोर ट्रॉल्यांची रांग. त्या हलवल्या तर इनलेटच्या झाकणाला गंज. ते काढलं तर आतलं कपलिंग बंबाच्या होजला बसेना. तोवर कोणीतरी तपासणीचा नळ उघडून पाहिला, तर त्यातून थेंबभर पाणी नाही. मुख्य व्हॉल्व्ह बंद होता. एक डोकं गळत होतं म्हणून कोणीतरी काही महिन्यांपूर्वी तो बंद केला आणि कोणाला सांगितलं नाही. त्याला साखळी-कुलूप होतं, किल्ली स्टोअरकीपरकडे होती आणि स्टोअरकीपर भाचीच्या लग्नाला गेले होते.

तालीम होती, म्हणून सगळे हसले आणि चहा पिऊन परतले. मला मात्र रस्ताभर आपलं गोदाम दिसत होतं.

ज्या आगींत स्प्रिंकलर चालत नाहीत, त्यांतलं सगळ्यात मोठं कारण यंत्राचा बिघाड नसून कोणीतरी पाणी बंद करून ठेवलेलं असणं हेच आहे, असं अमेरिकेतली आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. म्हणजे बहुतेक वेळा स्प्रिंकलर माणसाला फसवत नाही, माणूसच त्याला फसवतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीने ही साधनं चांगल्या स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण जानेवारीत भिंतीवर लावलेला कागद मार्चमधल्या आगीत व्हॉल्व्ह उघडायला येत नाही.

माझं म्हणणं

काही सभासदांचं म्हणणं असं की, एवढा खर्च करण्यापेक्षा दोन वॉचमन वाढवा आणि हायड्रंट आहेत तेच दुरुस्त करा. उसाला दर मागणाऱ्या माणसाने खर्चाला हात आखडता घ्यावा, यात मला काही वावगं वाटत नाही. पण हंगामात तालुक्याहून बंब यायचा म्हणजे वाटेत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग. कारखान्यावर यायला किती वेळ लागतो, हे रात्री काट्यावर ताटकळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोवर आगीला रोखून धरणारं कोणीतरी गोदामात हजर पाहिजे. वॉचमन बाहेर असतो, स्प्रिंकलर आत असतो. म्हणून ठरावाला पाठिंबा द्यावा, अशी माझी विनंती आहे. मात्र डोळे झाकून देऊ नये. ठरावातच पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात.

एक, इनलेट गेटजवळ, उघड्यावर आणि पाटी लावून असावा. त्याचं कपलिंग तालुक्याच्या बंबाला जुळतं, हे जोडून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नये. त्याच्यापुढची जागा पिवळ्या रंगाने आखावी आणि तिथे एकही ट्रॉली उभी राहू नये, मग ती संचालकाची का असेना.

दोन, मुख्य व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत साखळीने बांधावा. तीनही पाळ्यांत त्याचा जबाबदार माणूस कोण, त्याचं नाव बोर्डावर लिहावं. दुरुस्तीसाठी बंद करावा लागला तर कोणी, केव्हा आणि किती वेळासाठी, याची नोंद व्हावी आणि फायर ब्रिगेडला फोन जावा.

तीन, दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी तालुक्याच्या बंबाला बोलावून खरी तालीम घ्यावी आणि ती सभासदांनी पाहावी. आपण विधिपूर्वक अग्नी पेटवतो, पूजा करतो, नारळ फोडतो. त्याच आठवड्यात तो विझवताही येतो का, हे एकदा पाहून घ्यायला काय हरकत आहे?

चार, थप्पीचं वरचं टोक आणि स्प्रिंकलरचं डोकं यांत किमान दीड फूट मोकळं राहावं, उंच थप्पीला त्याहून जास्त. साखर जास्त झाली म्हणून छताला पोती भिडवली तर फवारा पसरतच नाही.

आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपले वाडवडील सांगून गेले. माझं म्हणणं त्याच्या थोडं पुढचं आहे. विहीर खणून झाली, मोटर बसली, पाइप टाकला, तरी दारं धरायला माणूस नसेल तर रान कोरडंच राहतं. ज्या ज्येष्ठ सभासदांनी पाकाचा प्रश्न विचारला, त्यांना माझा नमस्कार. त्यांच्यासारखे विचारणारे आहेत म्हणून संस्था टिकली आहे. या सभेत त्यांनी पुन्हा उभं राहावं आणि एवढंच विचारावं, "साहेब, व्हॉल्व्ह उघडा आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे?"

त्याचं उत्तर आम्हाला तिथल्या तिथे देता आलं पाहिजे. देता आलं नाही, तर खुशाल हसा.

आपला,
ऊस विकास अधिकारी